कपाटात पडलेली दुर्बीण असेल तर आम्हाला द्या, पोरं वाट बघतायत

नमस्कार मंडळी, बेळगाव आणि खानापूर भागातल्या सगळ्यांसाठी लिहितोय, जरा लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा. आपला ग्रुप दर रविवारी सकाळी पोरांना घेऊन पक्षी बघायला जातो, कधी बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, कधी किल्ला तलाव, कधी राकसकोप धरणाकडं, आणि आता खानापूर तालुक्यातल्या दोन मराठी शाळांची पोरंपण यायला लागलीत. पोरं वीस-बावीस आणि दुर्बिणी दोन. त्यातली एक पडल्यापासून एकाचे दोन पक्षी दाखवते, आणि दुसरीच्या काचेला बुरशी धरलीय, आपल्याकडचा पाऊस कसा असतो तुम्हाला माहितीच आहे, चार महिने घरात काही सुकत नाही तर लेन्स कुठली कोरडी राहणार.

दुर्बीण का पाहिजे ते सांगतो, कारण काही लोक म्हणतात की आता सगळ्यांकडं मोबाईल आहेत, झूम करून बघा की. गेल्या एप्रिलमध्ये एका बागेत जास्वंदीच्या झुडपात बुलबुलाचं घरटं दिसलं, कमरेएवढ्या उंचीवर, आत तीन अंडी, गुलाबीसर आणि त्यावर तांबडे ठिपके. लांबून बघायला काही नव्हतं म्हणून आम्हीच पोरांना एकेक करून जवळ नेलं, मग सगळेच पुढं सरकले, मोबाईल बाहेर आले, कुणीतरी फोटो नीट यावा म्हणून फांदी बाजूला केली. बुलबुल वरच्या तारेवर बसून ओरडत होता आणि आम्ही त्याचापण फोटो काढत होतो. दोन दिवसांनी गेलो तर घरटं रिकामं, खाली एक फुटलेलं टरफल. पानं बाजूला झाली की कावळ्याला घरटं लगेच दिसतं, हे आम्हाला माहीत होतं, तरी ते आमच्याच हातून झालं. त्या दिवसापासून ठरवलं, घरट्याचा फोटो नाही, मोबाईलवर आवाज लावून पक्ष्याला बोलवायचं नाही, फ्लॅश नाही. पण पोरांना नुसतं "जवळ जाऊ नको" म्हणून भागत नाही, लांबून दिसलं तरच ती लांब थांबतील.

आणि लांबून बघण्यात काय मजा आहे ते एकदा पोराच्या तोंडावर बघा. खानापूरकडच्या एका शाळेमागं उंबर आहे, त्यावर तांबट दिवसभर टुक टुक करतो, पोरांना तो आवाज पाठ, पण पक्षी कुणी धड बघितलेला नव्हता कारण पानात हिरवं अंग लपून जातं. दुर्बीण लावल्यावर एक पोरगी ओरडली, "ओ काका, चोच बंद आहे की त्याची, मग आवाज कुठनं येतोय?" अगदी बरोबर, तांबट चोच मिटूनच ओरडतो, गळा फुगतो आणि डोकं एकदा इकडं एकदा तिकडं फिरतं. कपाळावरचं तांबडं, डोळ्याभोवतीचं पिवळं, चोचीपाशी मिशांसारखे केस, हे सगळं तिनं एका जागी उभं राहून बघितलं आणि पक्षी जागचा हललासुद्धा नाही.

आपल्या भागात बघण्यासारखं किती आहे! भीमगड अभयारण्य 2011 साली झालं, 190 चौरस किलोमीटरचं जंगल, जुनी मोठी झाडं, म्हणून तिथं धनेश पक्षी टिकलाय. अंडी घालायला मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवत राहतो. इकडं गोकाकजवळ धुपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्य, 1974 पासूनचं, थंडीत कांड्या करकोचे येतात. आपल्या पोरांनी हे पाहिलेलं नाही, आणि बेळगावहून धुपदाळ गाडीनं दोन तासांच्या आत आहे.

तर मागणी अशी. 8×42 ची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच 42 मिलिमीटरची) साधी पण चांगली दुर्बीण साधारण सहा-सात हजारांना पडते, आम्हाला दहा पाहिजेत. जुनी वापरलेली असली तरी चालेल, 8×40 किंवा 10×50 पण चालेल, फक्त खेळण्यातली नको. बुरशी असली तरी द्या, दुरुस्त करून घेऊ. कुणाकडं जुना डीएसएलआर कॅमेरा किंवा लांबचं टिपणारी 70-300 ची लेन्स पडून असेल तर मोठ्या पोरांना शिकवायला उपयोगी पडेल. पैसे द्यायचे असतील तर शंभर रुपयेपण चालतील, पावती मिळेल आणि हिशोब ग्रुपवर टाकू. आणि आपल्यातले जे चांगले फोटोग्राफर आहेत त्यांनी एक रविवार द्यावा, हे मला सगळ्यात जास्त पाहिजे, कारण पोरं आमच्यापेक्षा तुमचं ऐकतील.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात, कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी बघून यादी द्यायची असते. यंदा आपल्या दोन्ही शाळांची यादी जावी असं मनात आहे, म्हणून दुर्बिणी डिसेंबर संपायच्या आत आल्या तर बरं, पोरांना हात बसायला महिनाभर लागतो. धोबी पक्षी आलेत, मैदानावर शेपटी हलवत फिरतायत, सीझन सुरू झालाय.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही व्हॅक्सिन डेपोत असतो, तिथंच आणून द्या नाहीतर ग्रुपवर कळवा, घरी येऊन नेऊ. दुर्बिणीचा जुना पट्टा आणि पिशवी असेल तर तेपण आठवणीनं द्या, गळ्यात पट्टा असला की पोरांच्या हातातनं पडत नाही.