माडीवरचा रेकॉर्ड प्लेअर खाली आणला आहे

महाल, नागपूर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे पत्र प्लेअरच्या झाकणावरच ठेवून निघत आहे, म्हणजे अमरावतीहून आल्यावर बैठकीत शिरताच ते दिसेल आणि बाबांना माडीवरचा रिकामा कोपरा अचानक पाहावा लागणार नाही. तुम्हांला न विचारता तो मी खाली आणला. विचारले असते, तर बाबा, तुम्ही "पुढच्या खेपेला बघू" म्हणाला असता. जिन्यात पाय घसरला त्या दिवशीही तुम्ही हेच म्हणाला होतात. तेव्हा फोनवर आईचा आवाज ऐकला, तो अजून माझ्या कानांतून गेलेला नाही.

केवळ जिन्यामुळे हे केले असे मात्र समजू नका. माडीच्या तक्तपोशीवर कुणी चालले की फळ्या दबत आणि सुई उडे. खाली शहाबादी फरशी आहे, ती हलत नाही. आजीच्या सागवानी टेबलाचा मागचा पाय किंचित आखूड निघाला. पुठ्ठा काही दिवसांत दबतो, म्हणून त्याखाली पत्र्याचे दोन तुकडे सरकवले. मग रामभाऊ गवंड्याकडून आणलेली पाणसळ थाळीवर आधी आडवी आणि नंतर उभी ठेवली. बुडबुडा कितीतरी वेळ खिडकीकडच्या रेघेला चिकटून होता. प्लेअरच्या पायाचा स्क्रू अर्धा आटा फिरवला, तेव्हा तो हळूच मध्यावर येऊन थांबला. थाळी कललेली असली की सुईचा हात उताराकडे ओढला जातो आणि खाचेच्या एका भिंतीवर जास्त भार पडतो. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये आतल्या भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज कोरलेला असतो, बाहेरच्या भिंतीवर उजव्या स्पीकरचा. वर डाव्या बाजूचा तंबोरा बुजल्यासारखा वाटे, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

हाताचा तोलही नव्याने साधला. मागचे वजन सरकवत हात तराजूच्या दांडीसारखा अधांतरी आडवा राहीपर्यंत थांबले, आकड्याची चकती शून्यावर आणली आणि मग सुईच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे २ ग्रॅमचा भार दिला.

बाबा, तुमची वेताची खुर्ची दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर ठेवली आहे. पाय टेकायचा पाटही खाली आणला आहे. आई, टेबल तुझ्या कमरेला लागेल इतके उंच आहे, वाकावे लागणार नाही. स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवलेस तर पोळ्या लाटतानाही तुला सारे नीट ऐकू येईल; मी कणीक मळत बसून ते पाहिले आहे.

लहानपणी रेकॉर्ड सुरू असली की आम्ही दोघे भावंडे चवड्यांवर चालत तुमच्या खुर्चीपर्यंत यायचो, आणि तुम्ही न बोलता एकेकाला मांडीवर ओढून घ्यायचात. वसंतराव देशपांड्यांची रेकॉर्ड लावली की ते इथेच नागपुरात सप्रे गुरुजींकडे गाणे शिकले हे तुम्ही दर वेळी सांगायचात. काल ती ऐकताना मला ते वाक्य हवे होते.

आता माझे थोडे ऐका. सुई बोटाने उतरवू नका, बाजूची कळ वापरा. हात कापत असला तरी सुई अलगद टेकते. आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्ड यावर लावायच्या नाहीत. त्यांची खाच रुंद असते आणि तिला वेगळी सुई लागते. मी ती आणीन, तोवर त्या कपाटातच राहू द्या. रेकॉर्ड एकावर एक न रचता उभ्याच ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पश्चिमेच्या खिडकीचा पडदा दुपारी ओढलेलाच असू द्या, नाहीतर रेकॉर्ड वाकतील. कूलर समोरच्याच खिडकीत राहील, टेबलाजवळ आणायचा नाही. त्याची थरथर सुईपर्यंत पोचते आणि ओलाव्याने रेकॉर्डची पाकिटे बुरसतात. टेबल पुसताना सरकवू नका. सरकले तर पाणसळ खणात आहे, पण बाबांनी एकट्याने वाकून पत्रे बसवायचे नाहीत, शेजारच्या दादाला हाक मारा.

माडीवरचा कोपरा तसाच ठेवला आहे, तिथले काहीही टाकलेले नाही. खाली मन रमले नाही तर दिवाळीला मी स्वतः सगळे परत वर नेऊन बसवीन. तोपर्यंत जिना चढायचा नाही, एवढे माझ्यासाठी करा.

रविवारी सकाळी नऊला फोन करीन. त्या आधी रेकॉर्ड लावून ठेवा आणि फोन हातात धरा, प्लेअरच्या टेबलावर ठेवू नका.

तुमची,
चिमी