अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या विमानतळाच्या कॅमेरावाल्यांस, मिरजेहून

स. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही, ठाऊक आहे. पण इंग्रजीत आभार मानायला बसलो की माझं पत्र रेल्वेच्या परिपत्रकासारखं होतं. लेक तुमच्याच गावात राहते, ती वाचून दाखवील.

मे महिन्यात आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, लेकीच्या बाळंतपणाला निघाली. माझी बायपास नुकतीच झालेली, म्हणून मी घरीच. विमानतळावरची विमानं थेट दाखवणाऱ्या तुमच्या कॅमेऱ्याची लिंक जावयानं पाठवली, शेजारच्या पोरानं ती टीव्हीवर लावून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी सहाला, तिचं लंडनहून येणारं विमान इमारतींच्या मागून खाली आलं आणि मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. घरांच्या छपरांना घासतंय की काय, असं वाटावं इतकं खाली! तिकडच्या टेकडीमुळे आणि इमारतींमुळे त्या टोकाचे पहिले १,८१० फूट सोडून पुढे चाकं टेकवावी लागतात, हे नंतर कळलं. त्या वेळी फक्त देवाचं नाव घेतलं.

ती पोचली, पण कॅमेरा काही बंद झाला नाही.

मी स्टेशनमास्तर होतो. बरीच नोकरी पुणे–मिरज मार्गावर, तो एकेरी होता तेव्हा. पुढच्या स्टेशननं लाइन क्लिअर दिल्याशिवाय मेल असो की मालगाडी, हलायचं नाही. तुमच्याकडेही एकच धावपट्टी, ९,४०१ फुटांची. एक उतरतंय, एक तोंडाशी थांबलंय, मागे चारपाच रांगेत. ही रांग मला वाचता येते. रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसहा तुमच्याकडे उड्डाणांना बंदी, उतरायला मात्र मुभा. आमच्या घड्याळात ती वेळ दुपारी बारा ते सात, त्यामुळे माझ्या वामकुक्षीची उत्तम सोय झाली. सातला देवापाशी दिवा लावायचा आणि टीव्हीसमोर बसायचं, की पहिलं विमान समुद्राकडे तोंड करून सुटायचं.

जूनमध्ये मात्र एकदा जीव उडाला. तुमच्याकडे सकाळ, सगळीकडे पांढरं धुकं, आणि विमानं समुद्राकडून उतरायला लागली. सुटणारी तर समुद्राकडेच चाललेली. समोरासमोर! माझा हात नकळत लाल झेंडी शोधू लागला. त्या घाबरटपणात तुम्हाला मोडकंतोडकं पत्र धाडलं. तुम्ही हसण्यावारी नेलं नाही. दुसऱ्याच दिवशी सविस्तर उत्तर आलं: समुद्राच्या बाजूनं यंत्रांच्या आधारे धुक्यात जास्त खाली उतरता येतं, टेकडीच्या बाजूनं तेवढं नाही, आलेलं विमान टेकून बाजूला होईपर्यंत सुटणारं थांबवून धरतात. म्हणजे एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांचं आमचं क्रॉसिंगच की हो, फक्त चालकाच्या हाती परवाना म्हणून द्यायचा टोकनचा गोळा नाही! धावपट्टीच्या एका टोकाला २७ आणि दुसऱ्याला ९ का म्हणतात, तेही तुम्हीच सांगितलंत: २७० अंश पश्चिम, ९० अंश पूर्व, शेवटचं शून्य गाळायचं. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचेही तेच आकडे, हे ऐकून उगाच बरं वाटलं.

खरे आभार मात्र ऑक्टोबरमधल्या त्या रात्रीचे. तुमचा कॅमेरा उतरणाऱ्या टोकाकडे रोखलेला असतो. ही परत निघायची होती, म्हणून भीत भीत विचारलं, त्या दिवसापुरता दुसरीकडे वळवाल का? उत्तर आलं नाही. म्हटलं, जास्तच मागितलं. पण त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला इकडे चहा गाळत होतो आणि पडद्यावरचं चित्र हळूहळू फिरू लागलं. विमानतळाच्या इमारती सरकल्या, मग अंधारातलं पश्चिमेचं टोक आलं. तिचं विमान धावलं, उचललं, आणि समुद्रावर लुकलुकणारा दिवा अगदी ठिपका होऊन दिसेनासा होईपर्यंत तुम्ही कॅमेरा जागचा हलवला नाहीत. चहा ओट्यावरच गार झाला.

ही आता घरी आहे. तिला खिडकीजवळची जागा मिळाली नव्हती. आपण कसे निघालो ते ती माझ्याकडून ऐकते.

लेकीकडे भडंगाचं पाकीट ठेवलंय, ती आणून देईल. तिखट आहे, बेतानं खा. आणि एक सुचवतो, राग नसावा: खाऱ्या वाऱ्यानं काचेवर डाव्या कोपऱ्यात डाग धरलाय. सवड झाली की पुसून घ्या.

आपला,
एक निवृत्त स्टेशनमास्तर
मिरज