टेबल दुरुस्त करण्याआधी त्याची प्रत काढा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मे महिन्यातल्या वळवात आमच्या वाचनालयाची वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच थकलेली असल्याने संगणकही बंद पडला आणि नंतर देवघेवीच्या नोंदींचे टेबल (म्हणजे संगणकातला नोंदींचा तक्ता) उघडेना. सॉफ्टवेअर देणाऱ्यांच्या तंत्रज्ञाने फोनवरून ‘रिपेअर टेबल’ ही आज्ञा चालवायला सांगितली. टेबल उघडले. नोंदींची संख्या बदलल्याची सूचना त्याच आज्ञेने पडद्यावर दिली होती. ती मात्र कोणी वाचली नाही. काही सभासदांनी नेलेली पुस्तके संगणकाच्या हिशेबी कपाटातच आहेत, हे जुने रजिस्टर चाळताना पंधरा दिवसांनी उघड झाले. (रजिस्टर बंद करू नका, असे म्हणणाऱ्या ग्रंथपालबाईंना आम्ही हसलो होतो.)

आमचे सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या माहिती साठवणाऱ्या प्रणालीवर चालते. तिच्या टेबले साठवण्याच्या जुन्या ‘मायआयसॅम’ पद्धतीत नोंदी एका फाइलमध्ये आणि त्यांची अनुक्रमणिका दुसऱ्या फाइलमध्ये राहते, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली की दोहोंचा मेळ सुटतो. बिघाड फक्त अनुक्रमणिकेत असेल तर ती मूळ नोंदींवरून नव्याने बांधता येते आणि काहीही हरवत नाही. परंतु नोंदींची फाइलच दुखावली असेल, तर दुरुस्तीची आज्ञा तिला न वाचता येणाऱ्या नोंदी गाळून पुढे जाऊ शकते. म्हणून मायएसक्यूएलचा सर्व्हर (ती चालवणारा प्रोग्राम) थांबवून त्या टेबलाच्या सर्व फाइली आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. आमच्याकडे हे पाच मिनिटांचे काम राहून गेले, आणि गळालेल्या नोंदी परत शोधायला मूळ फाइलच उरली नाही.

2010 साली आलेल्या 5.5 या आवृत्तीपासून मायएसक्यूएलमध्ये ‘इनोडीबी’ ही पद्धत, वेगळे काही न सांगितल्यास, आपोआप लागू होते. ती बदल आधी लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) नोंदवत असल्याने वीज गेल्यावर बहुधा स्वतःच सावरते. तिला ‘रिपेअर टेबल’ लागू पडत नाही. फारच बिघडल्यास सक्तीच्या पुनर्प्राप्तीच्या 1 ते 6 पायऱ्या आहेत, पण चौथीपासून पुढे माहिती कायमची बिघडू शकते.

एवढ्या वर्षांनंतरही आम्हाला मायआयसॅमवरचेच सॉफ्टवेअर विकले गेले. अनुदानाच्या पैशातून असे सॉफ्टवेअर घेणाऱ्या वाचनालयांनी टेबले कोणत्या पद्धतीची आहेत, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि रोजच्या बॅकअपवरून माहिती खरोखर परत उभी राहते का, हे बिल चुकते करण्यापूर्वी आपल्यासमोर करून दाखवायला सांगावे.

आपला,
एक वाचनालय कार्यकर्ता