वरच्या मजल्यावरच्या सुतारकाकांना

काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

कुणीतरी टाकून दिलेलं ते कपाट मी जिन्याखाली आणून ठेवलं, तेव्हा येणारा-जाणारा भंगारवाल्याला बोलव म्हणत होता. तुम्ही काही न बोलता खाली बसलात, पायांशी टॉर्च मारलात आणि भोकांवर बोटाने टकटक केलंत. ताजी पूड पडली नाही. “किडा कधीच गेलाय. चौकट सागवानी आहे. ठेव.” संपला विषय.

मला घाई रंगाची. तुम्ही डबा उघडूच दिला नाहीत. टेपने आधी एक कर्ण मोजलात, मग दुसरा. दोन्ही सारखे यायला हवे होते, इथे चांगला बोटभर फरक. म्हणजे दार लागत नव्हतं त्याला बिजागरी जबाबदार नव्हतीच, अख्खं कपाटच एका अंगाला कललं होतं. मग मागची फळी काढली, खिळखिळ्या सांध्यांत गोंद भरला, कर्ण सारखे येईपर्यंत चौकट रेटली आणि क्लॅम्प आवळले. रात्रभर हात लावायचा नाही, अशी तंबी! फळी परत ठोकली आणि दार आपसूक बसलं. मागच्या त्या पातळ फळीवर कपाटाचा काटकोन टिकतो, हे मला कोण सांगणार होतं? बिजागरीची भोकं सैल झाली होती, त्यांत गोंदात बुडवलेल्या आगकाड्या ठोकल्यात आणि स्क्रू पुन्हा घट्ट धरले. इतका साधा उपाय बघून मला हसूच आलं होतं.

घासायच्या कामात मात्र तुम्ही अजिबात सूट दिली नाहीत, बरं का. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ उडवायची नाही, म्हणून मास्क लावून वॉटर पेपर ओला करून घासायचं. नंतर लाकूड पूर्ण वाळू द्यायचं. गाठींवर लाखेचा हात, नाहीतर पिवळे डाग पांढऱ्या रंगातून वर येतात. मग प्रायमर, आणि रंगाचे जाड थर नकोत, पातळ हात द्यायचे. माझे खांदे दुखत होते आणि तुम्ही खुर्चीवर बसून “रेषेच्या दिशेने, रेषेच्या दिशेने” म्हणत होतात. तेव्हा रागच आला होता, खरं सांगते.

वॉलपेपरवरून तर आपलं वाजलंच. सागवानाला कागद चिकटवायचा म्हणजे तुमच्या लेखी पाप. शेवटी तह झाला: चौकटीला रंग, आतल्या फळ्यांना नुसतं पॉलिश आणि कागद फक्त मागच्या प्लायवर. तरी खळ लावायला तुम्हीच पुढे. कागदाला मागून खळ लावून दुमडून ठेवलात. ओलीने कागद पसरतो, तो दुमडीतच पसरून घेऊ दे, नाहीतर प्लायवर पसरेल आणि फुगे येतील, असं म्हणालात. मग मधून कडांकडे कापडाने दाबत गेलात. पानांची नक्षी जोडावर अशी जुळली की जोड मला शोधूनही सापडत नाही. (मान्य करा काका, कागद शोभतोय.)

तुम्ही सांगितल्याप्रमाणे अजून जड काही ठेवलेलं नाही. हाताला कोरडा लागला तरी रंग आतून कडक व्हायला काही आठवडे जातात, हे घरात सगळ्यांना बजावलंय. खालचा खण हवेत ओल आली की अडतो; पट्ट्यांवर मेणबत्ती घासली, बराच सरकतोय. तरी एकदा येऊन बघाल का? तुमचे क्लॅम्पही माझ्याकडेच राहिलेत, तेही घेऊन जाता येतील.

तुमची,
खालच्या मजल्यावरची