मला चारचाकी शिकवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न.

समोर येऊन आभार मानले तर "जा रे, मोठा आलाय" म्हणून उडवून लावाल, म्हणून पत्र लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण बाइकवरून कारकडे वळणाऱ्या इतरांनाही तुम्ही काय शिकवलंत ते कळू दे.

माझी नोकरी फिरतीची. सातारा, वाई, कोरेगाव, फलटण, सगळं बाइकवरच. धाकटी झाल्यावर चौघांना बाइक पुरेना, म्हणून सेकंडहँड पेट्रोल कार दारात आली. ड्रायव्हिंग स्कूलही लावलं होतं. तिथला शिकवणारा त्याच्या बाजूचे क्लच-ब्रेक दाबत राहायचा आणि मी नुसता स्टिअरिंग धरून बसायचो. "बाइकचं सगळं विसरा," हे त्याचं पालुपद.

तुम्ही एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर शेजारी बसलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "बाइकचा क्लच किती बोटांनी धरतोस?" दोन, म्हटलं. "मग ती दोन बोटं आता डाव्या पायात आण." टाच जमिनीवर टेकवून, अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय न लावता, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायला लावलात. इंजिनाचा आवाज जरा जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी आपसूक सरकते. त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाहीत. शिकवायची गरजही नव्हती, क्लच कुठे पकडतो ते पायाला कळलं होतं.

मात्र हाफ क्लचवर गाडी रेटायची बाइकची सवय तुम्ही तिथल्या तिथे मोडलीत, आणि कारणही दिलंत. बाइकच्या क्लच प्लेटा बहुतेक इंजिन ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, थोडं घासणं सोसतात. कारची प्लेट कोरडी, ती तापते आणि जळका वास येतो. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

गिअरचंही तसंच. बाइकवर एकेक खाली मारत उतरायचं, मधला गिअर गाळता येत नाही. मी कारमध्येही चौथा, तिसरा, दुसरा असा उतरू लागलो, तर तुमच्यातला एसटीचा ड्रायव्हर जागा झाला. "वेग उतरलाय ना? मग प्रत्येक फाट्यावर थांबू नको, विनाथांबा आहे ही!" अजून चौथ्यातून थेट दुसरा टाकताना हसू येतं.

यवतेश्वर घाटातल्या चढावर गाडी उभी करून उचलायला लावलीत, तेव्हा खरी गोम कळली. बाइकवर उजवा पाय ब्रेक धरतो आणि उजवा हात रेस देतो, दोघांची कामं वेगळी. कारमध्ये त्या एका उजव्या पायाला दोन धनी. ब्रेक सोडून रेसवर जाईपर्यंत गाडी मागे येते, म्हणून हँडब्रेक ओढायचा, क्लच पकडला की रेस द्यायची आणि मग हँडब्रेक सोडायचा. मागे उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. तुम्ही आरशात बघितलंतसुद्धा नाही. "वाजवू दे, त्याला घाई असेल तर त्याने उडून जावं."

पण सर्वांत जास्त ऋण आहे ते तुम्ही काय सोडायला लावलं नाहीत याचं. वळणाआधी मान वळवून बघणं, रस्त्यावरची खडी आणि सांडलेलं डिझेल लांबून हेरणं, उभ्या गाडीची पुढची चाकं कुठे वळलीत ते बघणं, हे सगळं दुचाकीने दिलेलं. "काचा वर केल्या की माणूस हे विसरतो, तू विसरू नको," म्हणालात. काचेच्या बाजूच्या खांबाआड अख्खी बाइक लपते, तेव्हा चौकात मान पुढेमागे करून बघायचं, हेही तुम्हीच करून दाखवलंत. आजवर मी त्या खांबापलीकडचा होतो, म्हणून ते जास्त भिनलं. डाव्या बाजूचा अंदाज मात्र अजून कच्चाच आहे. डाव्या आरशात कडेची पांढरी पट्टी बघत जातो.

परवा मुंबईला जाताना पहिल्यांदा एक्सप्रेस वेने गेलो. दुचाकीला तिथे बंदी, त्यामुळे इतकी वर्षं जुन्या हायवेनेच खंडाळा उतरत होतो. रस्ता मोठा, पण मजा जुन्या हायवेला जास्त, हे तुम्हाला नाही पटायचं.

आता एक विनंती. तुमच्या सुनबाईंचं, म्हणजे माझ्या बायकोचं, कारचं लर्निंग लायसन्स निघालंय. टेस्टला 30 दिवस थांबावं लागतंच, ते दिवस तिला तुमच्या हवाली करतो. ती स्कूटरवाली आहे. क्लच तिने कधी दाबलेला नाही आणि डाव्या हाताला ब्रेकची सवय, तेव्हा बोटांचा प्रश्न तिला विचारून उपयोग नाही. काहीतरी दुसरं शोधून ठेवा. रविवारी सकाळी सातला गाडी दारात आणतो, चहा आमच्याकडेच घ्या.

तुमचा,
शेजारचा बाइकवाला