जुनी क्लच प्लेट गिऱ्हाइकाच्या हातात द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझ्याकडे २०१० सालची डिझेल पिकअप आहे. हंगामात संत्र्याचे क्रेट आणि एरवी सिमेंट, खत, किराणा घेऊन परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, चिखलदऱ्याकडे माझ्या खेपा असतात. घर याच गाडीवर चालतं. गेल्या वर्षी चार महिन्यांत क्लच प्लेटसाठी, म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणाऱ्या चकतीसाठी, या गाडीचा गिअरबॉक्स दोनदा उतरवावा लागला. दुसऱ्यांदा उतरवायची काही गरज नव्हती, म्हणून हे पत्र.

श्रावणातली गोष्ट. ५० किलोच्या २४ गोण्या सिमेंट भरून घटांगचा घाट चढत होतो. तिसऱ्या गिअरला ॲक्सिलेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र पुढे सरकत नव्हती. केबिनमध्ये जळका वास भरला. कशीबशी खेप टाकली आणि गाडी गॅरेजला लावली. मिस्त्री म्हणाला, "पलेट गेली भाऊ, टाकून देतो नवीन." काहून गेली, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी गाडी मिळाली. जुनी प्लेट मागितली तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. नुसती मजुरी ४,००० रुपये. बिल नाही.

कार्तिकात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड जोरात असताना क्लच पुन्हा सरकायला लागला, म्हणजे इंजिन फिरतं पण जोर चाकांपर्यंत पोचत नाही. या वेळी दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी गिअरबॉक्स उतरवला आणि काही न बोलता प्लेट माझ्या हातात दिली. लायनिंगची, म्हणजे प्लेटीवरच्या घासणाऱ्या थराची, जाडी जवळपास नव्यासारखी, रिव्हेटची डोकी अजून खोल. पण वरून काळीकुट्ट, चकचकीत आणि तेलकट. त्यांनी ते तेल बोटावर चोळून हुंगायला लावलं. गिअरबॉक्सचं ऑइल घट्ट असतं, त्याला उग्र वास येतो. हे पातळ, काजळीसारखं काळं होतं, म्हणजे इंजिनचं. फ्लायव्हील म्हणजे क्लच ज्यावर दाबून बसतो ते इंजिनचं जड चाक; त्याच्या मागचा क्रँकचा ऑइल सील गळत होता. श्रावणातली प्लेट या गळतीनंच गेली असणार. ती मला दाखवली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं. काही शेकड्यांचा सील तेव्हाच बदलला असता आणि दुसरी प्लेट, दुसरी मजुरी आणि ऐन तोडीतले तीन दिवस वाचले असते. तेल एकदा लायनिंगमध्ये मुरलं की पेट्रोलनं कितीही धुवा, ती प्लेट भरवशाची राहत नाही. फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले होते, तेही लेथवर नेऊन घासून आणावं लागलं.

आमच्या भागात बहुतेक पिकअप दहा-पंधरा वर्षांच्या आहेत. त्या चालवणाऱ्या पोरांना कळकळीनं सांगतो, गॅरेजला जायच्या आधी स्वतः पाहून घ्या. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला साधारण ४० च्या वेगात असताना ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज एकदम चढला आणि वेग तिथंच राहिला तर क्लच सरकतोय. रिकाम्या गाडीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरला हे कळत नाही. वरचा गिअर, भरलेला माल आणि चढ, इथंच तो आधी उघडा पडतो.

पण सरकतोय म्हणजे प्लेट संपलीच असं नाही. क्लच केबलचा असेल तर पेडलला वर थोडा खेळ, म्हणजे मोकळी हालचाल, हवा. प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होतो. तो अजिबात उरला नाही की क्लच पूर्ण बसतच नाही, आणि चांगली प्लेटही जळते. माझ्या शेजाऱ्याला पूर्ण सेट बदलायला सांगितलं होतं. केबल सैल केल्यावर त्याची गाडी अजून धावते आहे. गिअर कचकच करून पडत असतील, रिव्हर्स लागत नसेल, तर तो आजार उलटा. तिथं क्लच सुटत नाही. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर आधी डबीतलं क्लच ऑइल आणि वरचा-खालचा सिलिंडर गळतो का ते बघा. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, बोलतंय. गाडी उचलताना थरथरत असेल तर प्लेटीवरचं तेल, तापलेलं फ्लायव्हील, नाही तर इंजिनचे सैल झालेले माउंटिंग, यातलं काहीही असू शकतं.

गिअरबॉक्स उतरलाच, तर प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलावं, या मताचा मी आता झालो आहे. मजुरी तर गिअरबॉक्स उतरवायचीच जास्त लागते. सीलही त्याच वेळी बघून घ्यावेत. आणि घाटात गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, धरून ठेवायची आपली सवय सोडावी. हँडब्रेक त्यासाठीच दिलेला असतो.

गॅरेजवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. जुनी प्लेट गिऱ्हाइकाच्या हातात द्या, ती का गेली ते तिच्यावर बोट ठेवून दाखवा, आणि नव्या मालाचं पक्कं बिल द्या. बिलच नसेल तर आम्ही ग्राहक आयोगापुढे काय घेऊन जाणार? तालुक्याच्या आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड शिकवतात. तिथल्या शिक्षकांनी तोड सुरू व्हायच्या आत, दसऱ्याच्या सुमारास, दोन दिवस जुन्या पिकअपचे क्लच मुलांकडून तपासून द्यावेत. मुलांचा हात बसेल. माझी तेल प्यायलेली प्लेट मी जपून ठेवली आहे, वर्गात दाखवायला हवी असेल तर आणून देईन.

आपला,
एक पिकअपमालक व चालक,
ता. अचलपूर, जि. अमरावती