वाहन वडिलांचे, बिल घरमालकाचे. मग विद्यार्थी राहतो कुठे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निवासी भागातील पार्किंग परवाने भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना देऊच नयेत, अशा आशयाचे एक पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. त्या पत्रलेखकाची तक्रार मला परकी नाही. गेली चौदा वर्षे मी घराचा वरचा मजला विद्यार्थ्यांना भाड्याने देत आलो आहे आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझेही मत तेच होते. ते का बदलले हे सांगायचे तर आधी माझीच एक चूक कबूल करावी लागेल.

त्या वर्षी परिचर्येचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी आमच्याकडे राहायला आली. रुग्णालयातील तिची पहिली पाळी सकाळची पहिली बस सुटण्याआधीच सुरू होत असे, म्हणून वडिलांनी आपली जुनी छोटी गाडी तिला वापरायला दिली होती. आमच्या गल्लीत परवान्याशिवाय रात्रभर गाडी उभी केली की सकाळी काचेवर दंडाची पावती असते, त्यामुळे तिने रीतसर अर्ज केला. तिसऱ्या खेपेला मीही तिच्याबरोबर गेलो. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने रहिवासाचा पुरावा मागितला; वीजबिल माझ्या नावावर, पाणीपट्टी माझ्या नावावर आणि इंटरनेटचा खर्च भाड्यातच धरलेला असल्याने ते बिलही माझ्याच नावावर. गाडीचे नोंदणीपत्र वडिलांच्या नावे आणि त्यावरचा पत्ता दुसऱ्या शहराचा. उरला भाडेकरार. त्याने तो उलगडला, भाडेकरूंच्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘यात ‘व इतर दोघी’ असे लिहिले आहे. त्या दोघींपैकी एक तुम्ही, हे कशावरून?’’

ते तीन शब्द माझे होते. एका मुलीचे नाव घालून बाकीच्यांची ‘इतर’ म्हणून बोळवण केली की मध्येच कोणी सोडून गेले तरी नवा करार करावा लागत नाही, हा माझा जुना शिरस्ता. त्या शिरस्त्याने माझ्या दोन खेपा वाचल्या आणि तिला मात्र कागदोपत्री बेघर केले. त्यानंतर तिने माझ्याकडे ना हरकत पत्र मागितले, तेही मी नऊ दिवस लांबवले. कारण सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. आमच्याकडे एका घराला दोनच परवाने मिळतात आणि दुसरा परवाना मला पाहुण्यांच्या सोयीसाठी राखून ठेवायचा होता. ज्याच्या सहीवाचून भाडेकरूचा अर्ज पुढे सरकत नाही, त्याचाच स्वार्थ त्या अर्जाच्या आड येऊ शकतो, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

मुळात ही पद्धत कशासाठी आली, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आर्लिंग्टन नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. तेथील एका निवासी वस्तीला लागून मोठी कार्यालये उभी राहिली आणि तिथे कामाला येणारे लोक दिवसभर त्या वस्तीतल्या रस्त्यांवर गाड्या लावू लागले. काउंटीने रहिवाशांसाठी परवाना पद्धत आणली, तिला आव्हान दिले गेले आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवासी आणि बाहेरून येणारे यांच्यात असा भेद करणे राज्यघटनेला धरून आहे, असा निर्वाळा दिला. वस्तीतील धूर, गोंगाट आणि रहदारीचा धोका कमी करणे हा त्यामागचा हेतू होता. हा भेद सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा आणि तिथेच झोपणारा यांच्यातला होता. घराचा मालक आणि घराचा भाडेकरू यांच्यात तो नव्हता. वरच्या मजल्यावर राहणारी ती मुलगी या कसोटीवर माझ्याइतकीच रहिवासी ठरते.

अडचण येते ती पुराव्यात. मालकी, नोकरी आणि स्थिर कुटुंब असलेल्या माणसाकडे जे कागद सहज सापडतात, तेच कागद बहुतेक कार्यालये मागतात. बॉस्टनमध्ये गाडीची नोंदणी त्याच शहराच्या पत्त्यावर असावी लागते; दुसऱ्या राज्यातून आई-वडिलांची गाडी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचा अर्ज तिथेच थांबतो. ब्रिटनमधील प्रकार तर गमतीचाच म्हणावा लागेल. अनेक स्थानिक परिषदा अर्जदाराचा पत्ता कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराच्या, नोंदीवरून पडताळतात. पण ज्या घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतात, ते घर या करातून मुक्त असते. म्हणजे करात सवलत मिळाल्यामुळेच पुरावा हातचा जातो आणि मग विद्यार्थ्याला बँकेची पत्रे आणि करार घेऊन दुसऱ्या वाटेने जावे लागते.

याउलट जर्मनीतील नियम मला समंजस वाटतो. तेथे अर्जदाराची त्या भागात रहिवासी म्हणून अधिकृत नोंद हवी आणि तो खरोखर तिथे राहत असायला हवा. गाडी मात्र त्याच्या नावावर असावी किंवा तो ती कायम वापरतो हे त्याला सिद्ध करता यावे, यांपैकी काहीही चालते. स्थानिक परिस्थितीनुसार दुय्यम निवासस्थान म्हणून केलेली नोंदही ग्राह्य धरता येते आणि एका माणसाला एकच परवाना मिळतो. वडिलांच्या गाडीचा प्रश्न ‘कायम वापर’ या दोन शब्दांनी सुटतो. गाडी कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ती रात्री कुठे उभी असते आणि सकाळी कोण चालवते, हेच रस्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

येथे विद्यार्थ्यांनाही एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते, कारण या धांदलीत ती हमखास राहून जाते. परवान्याच्या अर्जात गाडी या पत्त्यावर असते असे लिहायचे आणि विमा कंपनीला मात्र ती गावी वडिलांच्या दारात असते असे सांगायचे, हे धोक्याचे आहे. गाडी रात्री कुठे असते आणि मुख्यतः कोण चालवते, यांचा अनेक ठिकाणी विम्याच्या हप्त्याशी संबंध असतो. माहिती चुकीची निघाली तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. पत्ता बदलला की विमा कंपनीला कळवावे, हप्ता थोडा वाढला तरी.

आता मूळ पत्रलेखकाच्या भीतीविषयी. एका घरात पाच विद्यार्थी आणि पाच गाड्या, मग आम्ही कुठे जायचे, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. परवाना ही जागेची हमी नसते. तो काचेवर असूनही मी स्वतः कित्येक रात्री गल्लीला दोन प्रदक्षिणा घालतो. परंतु गर्दीवर मर्यादा घालायची तर ती घरामागे घालावी, सर्वांना सारखी घालावी, त्या घरात कोण राहतो हे पाहून घालू नये. विद्यार्थ्याचा परवाना भाडेकराराबरोबर आपोआप संपावा, म्हणजे सोडून गेलेल्यांचे परवाने दुसऱ्याच गाड्यांवर फिरत राहणार नाहीत. अशा फिरत्या परवान्यांची तक्रारही मी खरी मानतो. आमच्याच गल्लीत एक परवाना त्याचा धनी पदवी घेऊन गेल्यावरही वर्षभर वापरात होता.

परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे माझे मागणे मोठे नाही. सर्व भाडेकरूंची नावे असलेला करार आणि शिक्षणसंस्थेचे चालू वर्षाचे प्रवेशपत्र एवढा पुरावा पुरेसा मानावा. नोंदणी आई-वडिलांच्या नावे असेल तर त्यांचे संमतिपत्र घ्यावे. आणि अर्ज तपासला जाईपर्यंतच्या काळासाठी तात्पुरता परवाना त्याच खिडकीवर द्यावा. यातली शेवटची सोय सर्वांत निकडीची आहे, कारण विद्यार्थी येतात ते सगळे एकाच वेळी, सत्राच्या तोंडावर, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत कार्यालयात अर्जांचा ढीग साचतो. आमच्या भाडेकरू मुलीला परवाना मिळाला तेव्हा तिचा करार संपायला अकरा आठवडे उरले होते आणि तोवर तिने भरलेल्या दंडाच्या पावत्या परवान्याच्या शुल्काहून जास्त झाल्या होत्या.

यंदा वरच्या मजल्यावर तिघे नवे विद्यार्थी आले आहेत. करारात तिघांचीही पूर्ण नावे घातली आहेत आणि इंटरनेटची जोडणी, ज्याला गाडी लावायची आहे त्याच्या नावावर करून दिली आहे. त्याचा अर्ज गेल्या सोमवारी दाखल झाला. ना हरकत पत्र त्याच दिवशी जोडले होते.

आपला नम्र,
एक घरमालक